उद्योगाचा आराखडा : आधी स्वतःसाठी, मग बँकेसाठी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



नवा उद्योग आणि त्यासाठी लागणारे भांडवल या विषयावर मी बोलावे, अशी संस्थेच्या चालकांची इच्छा आहे. मी मोठा कारखानदार नाही. एक धंदा बुडवून दुसरा कसाबसा उभा केलेला मनुष्य आहे. कदाचित म्हणूनच मला बोलाविले असावे.

पहिल्या धंद्याची हकीकत थोडक्यात सांगतो. चिकू वाळवून विकावा, असे मनात आले. कर्जासाठी प्रकल्प अहवाल हवा होता. एका एजंटाने तो दोन दिवसांत टाईप करून आणून दिला. चाळीस पाने, सुबक बांधणी आणि शेवटच्या पानावर भरघोस नफा. मी सही केली. वाचला मात्र नाही. त्या अहवालात कारखाना वर्षाचे 300 दिवस पूर्ण ताकदीने चालणार होता. डहाणूचा पाऊस एजंटाने हिशेबात धरला नव्हता, आणि मी तर त्या पावसात लहानाचा मोठा झालो असूनही विचार केला नाही. पावसाळ्यात हवा दमट, लाकूड ओले, वीज बेभरवशाची. मालाला बुरशी आली. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेस येत राहिला. दुसऱ्या वर्षी अम्मीच्या बांगड्या विकाव्या लागल्या. ती एक शब्दही बोलली नाही.

तेव्हापासून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. आराखडा बँकेला दाखविण्यासाठी नसतो. तो प्रथम आपल्यालाच सावध करण्यासाठी असतो. घरचे सोने मोडण्यापूर्वी जो कागद 'थांब' म्हणतो, तोच खरा अहवाल. म्हणून तो दुसऱ्याकडून विकत घेऊ नका. टाईप कोणीही करो, आकडे तुमचे असले पाहिजेत.

आता तो लिहावा कसा? पहिली गोष्ट जागेची. आपला डहाणू तालुका केंद्र सरकारच्या 20 जून 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यात आला. उद्योगांची प्रतवारी झाली, लाल यादीतील उद्योगांना मनाई झाली आणि उद्योगांच्या एकूण जागेवर 500 एकरांची मर्यादा आली. भोवतालच्या पट्ट्यालाही या अधिसूचनेची बंधने लागू झाली, म्हणून तलासरीकरांनीही बेफिकीर राहू नये. आपला धंदा कोणत्या प्रतवारीत बसतो, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारा आणि ते उत्तर अहवालाला जोडा. यंत्र आणल्यावर विचारणे म्हणजे निकाह झाल्यावर स्थळाची चौकशी करणे होय.

दुसरे, डहाणू आणि तलासरी ही अनुसूचित क्षेत्रे आहेत. आदिवासी बांधवाची जमीन बिगर-आदिवासीला विकत असो वा भाडेपट्ट्याने, सरकारी पूर्वपरवानगीशिवाय मिळत नाही. कोणाच्या तरी नावावर घेऊन काम भागवू, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्या सल्ल्यात कायद्याचाही भंग आहे आणि शेजारधर्माचाही. जागेचे कागद स्वच्छ नसतील, तर पुढचे पान लिहूच नका.

तिसरी गोष्ट हिशेबाची. चिकूचेच उदाहरण घेऊ, कारण तो आपल्या घरचा आहे. 'डहाणू घोलवड चिकू' या नावाने त्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण नावाने पोट भरत नाही. चिकूत सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. साल, बी आणि वाया जाणारे फळ धरले, तर पाच किलो ओल्या चिकूचा एक किलो सुका माल होतो, असे समजा. पुढील आकडेही समजुतीसाठीच घेतले आहेत. तुम्ही आपल्या बाजारातले घाला.

रोज 200 किलो चिकू, 25 रुपये दराने 5,000 रुपये. सहा मजूर, 450 रुपयांप्रमाणे 2,700. जळण आणि वीज 1,200. वेष्टन आणि वाहतूक 1,000. भाडे व दुरुस्ती 500. एकूण 10,400 रुपये. माल निघाला 40 किलो, म्हणजे किलोला 260 रुपये पडले. व्यापाऱ्याने 320 दिले, तर दिवसाला 2,400 रुपये सुटतात. एजंटाच्या 300 दिवसांनी हे वर्षाला 7,20,000 होतात. आपल्या पावसाच्या 200 दिवसांनी 4,80,000. हप्ता या दुसऱ्या आकड्यातून द्यावयाचा आहे.

आता स्वतःलाच अडचणीचे प्रश्न विचारा. चिकू 35 रुपयांवर गेला तर? दिवसाचे 2,400 चे 400 होतात. त्याच दिवशी दहावा हिस्सा माल खराब निघाला तर? 880 रुपये पदरचे जातात. व्यापारी 45 दिवसांनी पैसे देणार असेल आणि त्यांतले 36 दिवस काम चालले, तर 3,74,400 रुपये नुसते उधारीत अडकून राहतात. यालाच खेळते भांडवल म्हणतात. यंत्राचे कर्ज सर्वांना आठवते, हे भांडवल कोणाला आठवत नाही. पुष्कळ धंदे नफा कागदावर असतानाच बंद पडतात, ते यामुळेच.

आणखी एक सूचना. वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली. बंदर हवे की नको, याविषयी आपल्या किनाऱ्यावर तीव्र मतभेद आहेत. त्यात मी आज शिरत नाही. पण 'बंदर आले की गिऱ्हाईक येईल' हे वाक्य अहवालात लिहू नका. आज जो माल घेईल त्याचे नाव, दर आणि शक्य तर पत्र जोडा. न आलेल्या गिऱ्हाइकावर हप्ता भरता येत नाही.

भांडवल कोठून मिळेल? लहान कामासाठी 2015 पासून मुद्रा योजना आहे. तिच्यातील शिशु कर्ज 50,000 रुपयांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत आणि तरुण 10 लाखांपर्यंत. नियमाने तारण लागत नाही. नव्या उद्योगासाठी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 पासून चालत आला. 2022 मध्ये त्यातील प्रकल्पाची मर्यादा उत्पादनासाठी 50 लाख आणि सेवेसाठी 20 लाख झाली. अल्पसंख्याक, महिला, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीय यांना त्यात स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात, आणि ग्रामीण भागात अनुदान 35 टक्के ठरले. म्हणजे 10 लाखांच्या प्रकल्पात तुमचे 50,000 आणि अनुदान 3,50,000. मात्र हे अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळते होते. जमिनीची किंमतही प्रकल्पात धरली जात नाही. ही योजना 2025-26 अखेरपर्यंत मंजूर होती. पुढील नियम पालघरच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारूनच अर्ज करा. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

येथे काही पालकांच्या मनात व्याजाचा प्रश्न असेल. मी आलिम नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. ज्यांना बँकेचे कर्ज नको, त्यांना भागीदारीचा जुना मार्ग मोकळा आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे कष्ट, आणि नफा ठरलेल्या प्रमाणात, याला मुदारबा म्हणतात. यात भांडवलाचा तोटा भांडवल देणारा सोसतो. म्हणूनच त्याला तुमचा आराखडा बँकेपेक्षा अधिक बारकाईने पाहण्याचा हक्क आहे. मामू-चाचूंकडून तोंडी बोलीवर पैसे घेऊ नका. कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे, आणि ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करावा हेच सांगते. घरातले नाते टिकवावयाचे असेल तर कागद करा.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी मोठी पदवी लागत नाही. त्रैराशिक, टक्केवारी आणि स्वच्छ मराठीत दोन पाने लिहिता येणे पुरे. या वर्गांतून तेच शिकविले जाते. पालकांना विनंती, की मुलगा किंवा मुलगी धंद्याचे नाव काढील तेव्हा लगेच 'नाही' म्हणू नका आणि लगेच पैसेही देऊ नका. "बेटा, लिहून आण," एवढेच म्हणा. आणलेले पान त्याच्याबरोबर बसून वाचा आणि पावसाळ्याचे महिने कोठे आहेत, ते विचारा.

माझा दुसरा धंदा लहान आहे. पावसाळ्यात तो मी बंद ठेवतो आणि ते त्याच्या आराखड्यात पहिल्याच पानावर लिहिलेले आहे. गेल्या ईदला अम्मीसाठी बांगड्या केल्या. पूर्वीच्या चार होत्या, या दोन आहेत. बाकीच्या दोन वहीत मांडून ठेवल्या आहेत.