फिराले चाललो!

आज बोलायचं आहे सायकलवरच्या फिरण्याबद्दल. सायकल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शाळेत जाणारी पोरगी येते, नाहीतर दूधवाला. पण आपल्यासारख्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका रविवारी सकाळी सायकली काढून नुसत्या फिरायला निघाल्या, तर? आम्ही दर्यापूरकडच्या एका गावातल्या बचत गटाच्या सात जणी निघालो. त्याचीच ही गोष्ट.

सायकली आमच्या नव्हत्याच. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. सोमवार ते शनिवार त्या शाळेत जातात आणि रविवारी ओसरीत उभ्या असतात. एका मीटिंगला विषय निघाला की आपल्यापैकी किती जणींना सायकल येते? तिघींचे हात वर झाले. बाकीच्या चौघी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर शिकल्या. शिकवणाऱ्या कोण, तर आमच्याच मुली. "आई, खाली नको पाहू, समोर पाहा," असं लेकीनं आईला सांगायचं आणि आईनं ऐकायचं! सगळ्यात मोठी आमची मावशी, बावन्न वर्षांची. दोनदा पडली, गुडघा सोलवटला. तिसऱ्या दिवशी मैदानाला पूर्ण चक्कर मारून आली.

हे काही आपणच पहिल्यांदा करतो आहोत असं नाही. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेची मोठी मोहीम झाली. तिथं अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकलही शिकवली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. खेड्यांतल्या हजारो बाया, मजूर, खाणीत काम करणाऱ्या, सायकलवर बसल्या.

आता रस्त्याचं सांगतो. आमचा आवडता रस्ता दर्यापूरहून लाखपुरीकडे जाणारा. या भागातून आपल्या शकुंतलेची लाईन जाते, अचलपूर ते मूर्तिजापूर. अडीच फूट रुंदीची ही छोटी लाईन इंग्रजांच्या काळात एका खाजगी कंपनीनं टाकली, ती वऱ्हाडचा कापूस बाहेर न्यायला. अंजनगाव, कापूसतळणी, बनोसा, लाखपुरी ही तिची स्टेशनं. नावातच कापूस बघा! १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या लाईनवर १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल आलं. आता गाडी बंद आहे. रुळांवर बाभळी वाढल्या आहेत. आमच्यातल्या दोघी याच गाडीनं लग्न होऊन सासरी आल्या. रूळ दिसले की त्या हमखास थांबतात.

विलायतेत अशाच बंद पडलेल्या लाईनींचं लोकांनी काय केलं, ते आम्ही वाचलं. ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमधली एक रेल्वे १९६० च्या दशकात बंद पडली. पुढे १९७९ ते १९८६ या काळात त्याच जागेवर सायकलचा रस्ता बांधला. साधारण एकवीस किलोमीटरचा. मोटारीला तिथं मज्जाव. रेल्वेचा रस्ता म्हणून फारसा चढ नाही, त्यामुळे लहान मूल आणि आजीबाईही चालवू शकते. शेतं, झाडी, नदीवरचे पूल बघत लोक जातात आणि जुन्या स्टेशनावर चहा पितात. आपली मागणी मात्र शकुंतला पुन्हा सुरू व्हावी हीच आहे. पण ज्या दिवशी काम होईल, त्या दिवशी रुळांच्या कडेनं एक पायवाट सायकलला सोडा, एवढं मागायला काय हरकत आहे? पोरी शाळेत जातील, आपण बाजाराला जाऊ.

आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. दिवाळीनंतर निघून बघा. एका बाजूला कापूस फुटलेला, दुसऱ्या बाजूला तूर पिवळ्या फुलांनी भरलेली, मधे हरभरा. सकाळच्या दवात हरभऱ्याच्या शेताजवळून गेलं की आंबूस वास येतो. या वाटेनं आपण बाराही महिने जातो, पण डोक्यावर भारा असतो किंवा ऑटोत दाटीवाटीनं बसलेलो असतो. मान वर करून बघितलेलंच नसतं. लाखपुरीला पूर्णेच्या काठी लक्षेश्वराचं मंदिर आहे. तिथं आम्ही भाकरी सोडतो, ठेचा आणि बेसन सगळ्यांचं एकत्र.

आता खरी गोष्ट. पहिल्या रविवारी आम्ही घरी सांगितलं, "लक्षेश्वराच्या दर्शनाला चाललो." कुणी अडवलं नाही. परत येताना मावशी म्हणाली, "देवाच्या नावानं खोटं काहून बोललो वं आपण?" सगळ्या गप्प झालो. खरंच, आपल्याला घराबाहेर पडायला नेहमी काहीतरी कारण लागतं. पाणी, सरपण, निंदण, बाजार, दवाखाना, देव. नुसतं फिरायचं म्हणून आपण कधी उंबरा ओलांडला होता?

दुसऱ्या वेळी चौकात एका भाऊंनी विचारलं, "कुठी चालल्या वं सगळ्या?" मावशीनं घंटी वाजवली आणि सांगितलं, "फिराले चाललो!" त्या दिवशी गावात खूप बोललं गेलं. पुढच्या रविवारी सातातल्या सहाच आल्या. एकीला घरून मनाई झाली. आम्ही तिच्या घरी भांडायला गेलो नाही, त्याचा त्रास तिलाच झाला असता. पण दर वेळी तिच्या घरावरून जातो आणि घंटी वाजवतो. ती दारात येते. येताना थांबलो की विचारते, "आज काय पाह्यलं?" आम्ही सांगतो, नीलकंठ पाहिला, कुठं गहू पेरला, कुणाची तूर वाळली. ती अजून आलेली नाही. मागच्या वेळी तिची सासू, आत्याबाई, आतून म्हणाली, "लाखपुरीले मलेबी कोनी नेत नाही." आम्ही ते ऐकून ठेवलं आहे.

ज्यांना निघायचं आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. पावसाळ्यात पांदणीत सायकल घालू नका. आपली काळी माती मडगार्डमध्ये भरते आणि चाक जाम होतं. पांदण सुकल्यावरही बाभळीच्या काट्यांपासून सांभाळा. आम्ही दर रविवारी पाच-पाच रुपये जमवून पंक्चरचं सामान आणि हातपंप घेतला, आणि मुलींकडून पंक्चर काढायला शिकलो. पाणी घरून न्या, कारण खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी पिण्याचं नाही. साडीचा काठ चेनमध्ये जातो, म्हणून पदर खोचा आणि निऱ्या वर घ्या, नाहीतर सरळ पंजाबी ड्रेस घाला. उजाडताच निघा, मोठ्या रस्त्यावर एकामागे एक चला आणि जी सगळ्यात हळू चालवते तिला पुढे ठेवा. म्हणजे कुणी मागे राहत नाही. होळीनंतर मात्र आपलं ऊन सायकलचं नाही.

पुढच्या मीटिंगला कर्जाचे हप्ते झाले की एकदा विचारून बघा, सायकल कोणाकोणाला येते? आणि चौकात कुणी विचारलं, कुठं चालल्या, तर काय सांगायचं ते तुम्हाला आता माहीत आहे.