एकलकोंडा स्वभाव आणि चित्तविकृतीचें भय

लहानपणापासून अबोल, चारचौघांत मिसळण्यास नाखूष, पाहुणे आले कीं आंतल्या खोलींत जाऊन बसणारा असा एखादा मुलगा पुष्कळ कुटुंबांत असतो. एरवीं त्याच्याविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं. परंतु कोणा आत्याला किंवा काकाला पूर्वीं वेडाचा झटका आला होता हें आठवलें, कीं त्याच अबोलपणाकडे निराळ्या नजरेनें पाहिलें जातें. हा त्याच वाटेनें जाणार नाहीं ना, ही शंका मोठ्यानें कोणी बोलून दाखवीत नाहीं. पण मुलाचें शिक्षण, नोकरी आणि विशेषतः विवाह यांविषयींचे निर्णय तिच्याच छायेंत होतात. स्वभावावरून दुखण्याचें भाकीत करतां येतें काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यांचा राहत नाहीं.

हें दुखणें म्हणजे चित्तविकृति. तींत माणसाला कोणी बोलत नसतां बोलणें ऐकूं येतें, कोणी आपल्या पाळतीवर आहे अशी अढळ खात्री वाटूं लागते, आणि भोंवतालच्या जगाशीं असलेला त्याच्या समजुतीचा धागा तुटतो. तिच्या प्रकारांपैकीं अधिक परिचित असा प्रकार छिन्नमनस्कता हा होय. युरोपांत या रोगाला आजचें नांव देणारा मनोवैद्य झूरिकचा ऑयगेन ब्लॉयलर. १९०८ मध्यें बर्लिन येथील व्याख्यानांत त्यानें तें योजलें. रोग्यांच्या आप्तांकडे चौकशी केली असतां, हा मूळचाच एकलकोंडा होता, असें उत्तर त्या काळच्या वैद्यांस वारंवार मिळे. १९२१ मध्यें एर्न्स्ट क्रेत्श्मर या जर्मन वैद्यानें आपल्या गाजलेल्या ग्रंथांत यावरून एक मोठी इमारतच उभी केली. निरोगी एकांतप्रिय माणूस, तऱ्हेवाईक माणूस आणि रोगी या त्याच्या मतें जणूं एकाच जिन्याच्या पायऱ्या होत्या.

जिना म्हटला कीं वर चढणें ओघानेंच आलें, आणि येथेंच या विचारांतील खोट आहे. रोगी डोळ्यांसमोर ठेवून त्याच्या बालपणाकडे मागें वळून पाहिलें, तर आईबापांची आठवणहि रोगाच्या रंगानें रंगलेली असते. शिवाय अबोल मुलांपैकीं जे पुढें कारकून झाले, घड्याळजी झाले, महाविद्यालयांत गणित शिकवूं लागले, ते वेड्यांच्या इस्पितळाची पायरी कधीं चढलेच नाहींत. अर्थात् त्यांची गणतीहि कोणी केली नाहीं.

ही गणती करण्याची उत्तम संधि स्वीडन देशांत मिळाली. १९६९ व १९७० या सालीं सक्तीच्या लष्करी सेवेसाठीं बोलावलेल्या सुमारें ५०,००० तरुणांची तेथें तपशीलवार तपासणी झाली. मित्र किती, मोठ्या जमावांत राहणें आवडतें कीं दोघांचौघांत, इतरांपेक्षां आपण अधिक हळवे आहों असें वाटतें काय, कोणा मुलीशीं स्थिर स्नेह आहे काय, अशीहि विचारपूस तींत होती. पुढें कोणाला छिन्नमनस्कता जडली हें रुग्णालयांच्या नोंदींवरून पाहण्यांत आलें. १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: ज्यांना दोन मित्रहि नव्हते, ज्यांना लहान मंडळींतच राहणें रुचे, जे स्वतःला विशेष हळवे समजत, आणि ज्यांचा कोणा मुलीशीं स्थिर स्नेह नव्हता, अशा चारहि गोष्टी एकत्र असलेल्या तरुणांत या रोगाचा संभव इतरांच्या मानानें सुमारें तीसपट होता.

तीसपट हा शब्द ऐकतांच कोणाहि आईच्या पोटांत धस्स व्हावें. परंतु त्याच निबंधांत दुसरा एक आंकडा आहे, आणि तोच ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. या चारहि गोष्टी ज्यांच्या ठिकाणीं होत्या, त्यांपैकीं पुढें रोगी झाले ते शेंकडा अवघे तीन! हें कोडें नाहीं. मूळ रोगच विरळा. विरळ्या गोष्टीची तीसपट केली तरी ती थोडीच भरते. उलट अठरा-वीस वर्षांच्या वयांत बुजरेपणा, हळवेपणा आणि एकटेपण हीं इतकीं सर्वसाधारण आहेत कीं त्यांचें जाळें टाकलें तर त्यांत निरोगी माणसेंच सांपडावयाचीं. वर्तमानपत्रांना पहिला आंकडा प्रिय असतो, कारण तो मथळ्यांत शोभतो.

याचा अर्थ स्वभाव आणि रोग यांचा कांहींच संबंध नाहीं असा मात्र नव्हे. सेमूर केटी प्रभृति संशोधकांनीं डेन्मार्कमधील दत्तक मुलांच्या नोंदी तपासल्या. ज्या दत्तकांना पुढें हा रोग झाला, त्यांच्या रक्ताच्या नातलगांत रोग व त्याच्याशीं मिळताजुळता सौम्य तऱ्हेवाईकपणा अधिक आढळला. वाढविणाऱ्या कुटुंबांत तसें आढळलें नाहीं. हें काम १९६८ मध्यें प्रसिद्ध झालें. तेव्हां मूळ कोठें तरी एकच असावें, हें खरें. पण बीज असणें निराळें आणि तें रुजणें निराळें.

रुजूं लागलें आहे हें ओळखावें कसें? ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं १९९४ मध्यें ॲलिसन युंग, पॅट्रिक मॅक्गोरी व त्यांचे सहकारी यांनीं याच हेतूनें तरुणांसाठीं एक चिकित्सालय काढलें. त्यांच्या कसोट्यांत पुसट भास, अर्धवट संशय आणि आठवड्याच्या आंत आपोआप ओसरणारे झटके यांना स्थान आहे. घराण्यांतील रोग अथवा जन्माचा तऱ्हेवाईकपणा यांनाहि स्थान आहे. पण अट अशी, कीं त्याबरोबर माणसाची कार्यशक्ति अलीकडे स्पष्टपणें घसरलेली असली पाहिजे. ही अट लहान दिसली तरी सारें मर्म तींतच आहे. जो नेहमींच थोडें बोलतो त्याचें मौन हें लक्षण नव्हे. जो काल मित्रांत रमत होता आणि आज दार लावून बसतो, रात्र रात्र जागतो, अभ्यास टाकतो, रस्त्यावरचीं माणसें आपल्यालाच खुणावतात असें म्हणतो, त्याची तुलना शेजारच्या मुलाशीं नव्हे, त्याच्या स्वतःच्याच गेल्या वर्षाशीं करावयाची असते.

अशा कसोट्यांना उतरलेल्यांतहि बहुसंख्य रोगी होत नाहींत. अनेक चिकित्सालयांचे आंकडे एकत्र करून २०१२ मध्यें केलेल्या गणनेंत एका वर्षांत शेंकडा २२ आणि तीन वर्षांनंतर शेंकडा ३६ जणांना चित्तविकृति झाली. मात्र जे वाचले त्यांतील कित्येकांना चिंता व खिन्नता यांनीं ग्रासलेलें असतें, आणि ते उपचारास तितकेच पात्र असतात.

स्वभाव बदलतां येत नाहीं. कांहीं गोष्टी येतात. स्वीडनमधील त्याच तरुणांवरून १९८७ मध्यें दिसून आलें, कीं ज्यांनीं पन्नासाहून अधिक वेळां गांजा ओढला होता त्यांत छिन्नमनस्कतेचें प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतें. तेव्हां घराण्यांत रोग असेल तर मुलाच्या अबोलपणाची चिंता वाहण्यापेक्षां त्याच्या हातीं चिलीम येत नाहीं ना हें पाहणें अधिक शहाणपणाचें. कांहीं वडीलधारी मंडळी मात्र तिसराच उपाय सुचवितात: "लग्न करून द्या, म्हणजे ताळ्यावर येईल." यानें मुलगा तर ताळ्यावर येत नाहींच, आणि जिला कोणीं कांहीं सांगितलेलें नसतें अशी एक परकी मुलगी त्या भयांत ओढली जाते.

मनोवैद्याकडे जाणारे आईबाप बहुधा विशेषणें घेऊन जातात: घुमा, हट्टी, विक्षिप्त. वैद्याला हवें असतें तें निराळेंच. क्रिकेटला जाणें कोणत्या महिन्यांत सुटलें, ताट खोलींत मागण्यास केव्हां सुरुवात झाली, झोंप कधींपासून उलटली, परीक्षेला न बसण्याचें कारण त्यानें काय सांगितलें. ज्या घरांत कोणी तरी, बहुतेक धाकटी बहीणच, हे दिवस बरोबर सांगूं शकते, तेथें त्याचें अर्धें काम झालेलें असतें.