२१४ अर्ज आणि एक चुकीचा रकाना



आजचा एपिसोड जरा वेगळा आहे. गेले काही महिने तुमच्यापैकी बरेच जण एकच प्रश्न विचारताय, "दादा, जॉब पोर्टलवर शंभर ठिकाणी अप्लाय केलं, एकही कॉल नाही. काय चुकतंय?" मी हा विषय टाळत होतो. कारण याचं खरं उत्तर द्यायचं तर स्वतःचीच एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायची मला लाज वाटायची. आज सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होतो. साडेचार वर्षांचा अनुभव, जावामध्ये बॅकएंडचं काम. एका मंगळवारी सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली. जॉइन केलं तर मॅनेजरसोबत एचआरपण. तेव्हाच पोटात गोळा आला. दुपारपर्यंत लॅपटॉपचा ॲक्सेस बंद. दोन महिन्यांचा पगार हातात दिला, पण नोकरी त्याच दिवशी संपली.

घरी सांगितलं नाही. बाबा सांगलीला असतात, रोज रात्री जेवण झालं की फोन करतात. "काम काय म्हणतंय?" मी म्हणायचो, "चाललंय." घराच्या कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून जायचा. तो जात होता तोपर्यंत कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

आणि मग मी अप्लाय करत सुटलो. सकाळी नऊला वाकडच्या फ्लॅटवर बसायचं, पोर्टल उघडायचं आणि दिसेल त्या जागेवर बटण दाबायचं. एका क्लिकवर अर्ज जातो, त्यामुळे खूप काम केल्यासारखं वाटतं. मी इंजिनियर माणूस, एक्सेल शीटपण केली होती! दीड महिन्यात २१४ अर्ज. फोन किती? तीन. त्यातले दोन इन्शुरन्स विकायच्या कामासाठी.

शेवटी कॉलेजच्या एका सीनियरला फोन केला. आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. ती बाणेरला एका कन्सल्टन्सीत रिक्रूटर आहे. म्हणाली, "रविवारी घरी ये, रिज्युमे घेऊन ये आणि पोर्टलवर काय भरलंयस त्याचे स्क्रीनशॉट आण."

त्या रविवारी मला जे कळलं, ते आजच्या एपिसोडचं सार आहे. आपल्याला वाटतं पोर्टल म्हणजे जाहिरातींचा फळा. जाहिरात बघायची, अर्ज टाकायचा. सुरुवात तशीच झाली होती म्हणा. १९९७ मध्ये संजीव बिखचंदानींनी नौकरी डॉट कॉम सुरू केलं, तेव्हा वर्तमानपत्रांतल्या जाहिराती गोळा करून साइटवर टाकायचे. पण आज अशा साइटवर कंपन्या पैसे मोजतात ते फक्त जाहिरात लावायला नाही, तर उमेदवारांच्या डेटाबेसमध्ये शोधायला. म्हणजे आपण शोधतोय तसं समोरूनही कुणीतरी आपल्याला शोधतंय. आणि एका जाहिरातीवर शेकडो अर्ज आले की रिक्रूटर सगळे वाचत बसत नाही, तोही तिथे फिल्टरच लावतो.

ताईने लॅपटॉप उघडला. दुसऱ्या उमेदवारांची माहिती दाखवता येत नाही म्हणून स्क्रीन तिच्याकडेच होती, ती एकेक गोष्ट वाचून सांगत होती. कीवर्ड: जावा, स्प्रिंग बूट, मायक्रोसर्व्हिसेस. अनुभव तीन ते सहा वर्षं. शहर पुणे. गेल्या पंधरा दिवसांत साइटवर आलेले उमेदवार. आणि नोटीस पिरियड तीस दिवसांच्या आत.

मग तिने विचारलं, "तू नोटीस पिरियड काय टाकलायस?"

मी गप्प. माझ्या प्रोफाइलवर अजूनही 'सध्या कार्यरत, नोटीस पिरियड तीन महिने' असंच होतं. मुद्दाम ठेवलं होतं. नोकरी गेलीय हे कुणी ओळखीच्याने बघितलं तर? रिक्रूटरने बघून कमी लेखलं तर? म्हणून मी पोर्टललापण तेच सांगत होतो, जे बाबांना सांगत होतो.

ताई म्हणाली, "अरे वेड्या, आमच्या क्लायंटला माणूस पंधरा दिवसांत हवा असतो. आयटीत तीन महिन्यांच्या नोटीसवाल्यांची रांग लागलीय. तू उद्या जॉइन होऊ शकतोस आणि तेच लपवतोयस? माझ्या सर्चमध्ये तू येणारच नाहीस." त्या २१४ पैकी किती अर्ज कुणी उघडूनही बघितले नसतील, हे मला तिथे सोफ्यावर बसल्या बसल्या कळलं.

नोकरी गेली असेल तर तसं लिहा. शेवटचा दिवस कुठला ते टाका, 'लगेच रुजू होऊ शकतो' हे टाका. कारण विचारलं तर एका वाक्यात सांगा, "कंपनीने टीम कमी केली, त्यात माझी जागा गेली." बस्स. लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि तुम्ही नोकरीत असाल, शोधताय हे सध्याच्या कंपनीला कळू नये असं वाटत असेल, तर काही साइटवर ठरावीक कंपनीला प्रोफाइल न दाखवायची सोय असते. ती शोधा, पण खोटं भरू नका.

दुसरी चूक शब्दांची. मी रिज्युमेत आमच्या प्रोजेक्टचं कंपनीतलं टोपणनाव लिहिलं होतं. कंपनीत ते सगळ्यांना माहीत, बाहेर कोण शोधणार त्या नावाने? 'पेमेंटचा बॅकएंड, स्प्रिंग बूट, काफ्का, पोस्टग्रेस' असं लिहायला हवं होतं. सोपा उपाय सांगतो. तुम्हाला हव्या असलेल्या कामाच्या दहा जाहिराती उघडा, त्यांत परत परत येणारे शब्द वहीत लिहा. त्यातलं तुम्हाला जे खरंच येतं, ते त्याच शब्दांत प्रोफाइलवर घाला. जे येत नाही ते घालू नका, मुलाखतीत पाच मिनिटांत उघडं पडतं.

तिसरी चूक, देखणा रिज्युमे! दोन कॉलम, स्किल्सपुढे चांदण्या, फोन नंबर एका छान चित्रात. माणसाला आवडेल, पण तो आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि चित्रातला नंबर त्याला बऱ्याचदा दिसतच नाही. घरी करून बघा: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी उलटसुलट आल्या, नंबर गायब झाला, तर सॉफ्टवेअरलाही तसंच काहीतरी दिसण्याची शक्यता आहे. साधा एका कॉलमचा रिज्युमे बरा.

आता अजून एक गोष्ट, ही तर आणखी लाजिरवाणी. ताईकडे जायच्या आठवडाभर आधी मला एक मेल आला होता. मोठ्या कंपनीचा लोगो, 'तुमची निवड झाली आहे', सोबत ऑफर लेटर. मुलाखत काय, तर चॅटवर दहा प्रश्न. लॅपटॉप कुरियर करायला ३,५०० रुपये डिपॉझिट, पहिल्या पगारात परत. मी भरले. आईबाबांना 'ओटीपी कुणाला देऊ नका' म्हणून शिकवणारा मी, क्यूआर कोड स्कॅन करून पैसे पाठवून मोकळा झालो. पाठवल्यावर मेलचा पत्ता नीट बघितला, साधा जीमेल होता. ते मला दिसलं नव्हतं असं नाही, मला ते बघायचंच नव्हतं. दीड महिना कुणीच 'हो' म्हटलेलं नसलं की माणूस कुणाच्याही 'हो'वर विश्वास ठेवतो.

म्हणून नीट ऐका. नोकरी देण्यासाठी खरी कंपनी तुमच्याकडून पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप, व्हेरिफिकेशन, नाव काहीही असो. पोर्टलवर जाहिरात दिसली म्हणजे ती तपासलेलीच आहे असंही नाही. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर करिअरच्या पानावर ती जागा आहे का बघा. आणि फसलातच, तर लगेच १९३० वर फोन करा, ही सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. मी लाजेपायी चार दिवस घालवले. पैसे गेले ते गेलेच.

फ्रेशर मंडळींनो, तुमच्यासाठी थोडक्यात. अनुभवाच्या रकान्यात शून्य आहे तर शून्यच ठेवा. प्रोजेक्ट स्वतः काय केला ते चार ओळींत लिहा. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि आपल्या राज्याचं महास्वयं, या दोन्ही सरकारी पोर्टलवरही नाव नोंदवून ठेवा. आणि दिवसाला तीस क्लिक करण्यापेक्षा पाच अर्ज जाहिरात पूर्ण वाचून करा.

माझं पुढे काय झालं? त्या रविवारी रात्री सगळं खरं भरलं. आठ दिवसांत सहा फोन आले. चार मुलाखती झाल्या, दोन ठिकाणी नापास, एका ठिकाणी पुढे काही कळवलंच नाही, एका ठिकाणी झालं. कंपनी लहान, पगार आधीपेक्षा थोडा कमी. मी घेतली.

जॉइन व्हायच्या आदल्या दिवशी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढे दिवस एकटाच खोलीत बसून होतास? इकडं यायचं की. इंटरनेट आपल्याकडंपण आहे."

तर मंडळी, आज रात्री तुमचं प्रोफाइल उघडा आणि एकेक रकाना बघा. कुठे खोटं भरलंय, कुठे जुनं राहिलंय. आणि तुमच्या ओळखीत कुणी असं गपचूप घरी बसून अर्ज करत असेल, तर हा एपिसोड त्याला पाठवा. आधी एक फोनपण करा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.