एक नाव, दोन रतन



नंदुरबारहून सुरतेची गाडी धरली की नवापूर मागे पडते, मग सुरत येते. तिथून मुंबईच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात नवसारी. टाटा घराणे मूळचे या नवसारीचे. म्हणजे तसे आपले शेजारीच! जमशेटजी टाटा 1839 साली तिथेच जन्मले. त्यांच्या घरातल्या दोन माणसांची गोष्ट आज सांगतो. दोघांचेही नाव रतन.

पहिले सर रतन टाटा. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. जन्म 1871 चा. ‘सर’ ही त्या वेळच्या सरकारने दिलेली पदवी. यांना सुंदर वस्तूंचा भारी नाद. चित्रे घेत, चीन-जपानची नक्षीची भांडी घेत, हिरव्या मौल्यवान दगडाच्या कोरीव वस्तू घेत. कोणी म्हणेल, श्रीमंताला काय, पैसा उडवायला काहीतरी हवेच!

पण पुढे ऐका. 1909 साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत आपल्या लोकांसाठी झगडत होते. रतन टाटांनी त्या कामाला 25,000 रुपये दिले. त्या काळचे पंचवीस हजार बरे! 1913 साली पाटण्याजवळ खोदकाम करून जुन्या पाटलीपुत्र नगराचा शोध सुरू झाला. त्यालाही यांनीच पैसा पुरवला.

1918 साली ते वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांचा संग्रह मुंबईच्या संग्रहालयाला मिळाला. त्याचे आजचे नाव छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिकीट काढून कोणीही आत जावे आणि पाहावे. एका घरातले वैभव असे सगळ्यांचे झाले.

सर रतन यांच्या मागे त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी नवल नावाचा मुलगा दत्तक घेतला. नवल यांचे चिरंजीव ते दुसरे रतन टाटा. जन्म 1937 चा. आजी नवाजबाईंनीच त्यांना वाढवले. पुढे ते टाटा उद्योगांचे प्रमुख झाले.

यांचा जीव कुत्र्यांवर. घरी टिटो नावाचा जातिवंत जर्मन शेफर्ड होता आणि कचेरीत ‘गोवा’ नावाचा रस्त्यावरून आणलेलाही. माया दोघांवर सारखीच. मुंबईत टाटांची कचेरी आहे, बॉम्बे हाउस. तिथे भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली केली. 1 जुलै 2024 ला मुंबईत महालक्ष्मी भागात लहान प्राण्यांचे मोठे इस्पितळ उघडले. खर्च सुमारे 165 कोटी रुपये. ते त्यांच्याच ध्यासातून उभे राहिले. त्याच वर्षी 9 ऑक्टोबरला ते गेले.

पाहा, नाद दोघांनाही होता. पण एकाच्या नादातून लोकांना पाहायला ठेवा मिळाला, दुसऱ्याच्या नादातून मुक्या जिवांना दवाखाना.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमच्याकडे कोटी कुठले? नसू देत. दारचा कुत्रा रात्रभर शेळ्या राखतो ना? मग त्याला दरसाल रेबीजची लस टोचून आणा. त्याचे भले, आपल्या पोरांचेही भले.

आणि आजीचे चांदीचे जुने दागिने, होळीचा जुना ढोल, पितळी भांडी यांचे काय? सोनार चांदी आटवतो, भंगारवाला पितळ वजनावर नेतो. पैसे चार दिवसांत संपतात. वस्तू मात्र पुन्हा मिळत नाही. तेव्हा निदान एक तरी वस्तू राखा. ती कोणाची, कोणी घडवली, कधी वापरायचे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि चिठ्ठीवर लिहून वस्तूजवळ ठेवा.

आता तुम्हाला लिहिता येते.