मथळा खरा ठरला असता तर!
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून कोणी तरी विद्वान गृहस्थ उपदेश करतात आणि पंक्ती मांडल्याची वर्दी येईपर्यंत आपण तो शांतपणे ऐकता. यंदा हा मान मजकडे का आला, त्यास विद्वत्तेखेरीज निराळे कारण आहे. ते मी शेवटी सांगेन.

"विषय हलकाफुलका असू द्या," एवढीच अट कार्यवाहांनी घातली होती. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहा वर्षांतील परदेशी वर्तमानपत्रांचे दोनतीन मथळे घेऊन मी आलो आहे. छापले ते खरे, असे आपले वाडवडील मानीत. जगानेही तसेच मानून मथळ्याप्रमाणे वागावयाचे ठरविले असते, तर कोणता प्रसंग ओढवला असता, एवढाच आजचा विचार आहे.

पहिला मथळा शिकागोच्या 'डेली ट्रिब्यून'चा, ३ नोव्हेंबर १९४८ या दिवशीचा. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी हॅरी ट्रुमन आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर टॉमस ड्युई यांची लढत होती. त्या छापखान्यातील जुळारी सुमारे वर्षभर संपावर होते. मजकूर टंकयंत्रावर लिहावयाचा, त्याचे छायाचित्र घ्यावयाचे, त्यावरून ठसे करावयाचे, असा द्राविडी प्राणायाम चालू होता. त्यामुळे पहिली आवृत्ती नेहमीपेक्षा कित्येक तास आधी यंत्रावर चढवावी लागे. मतमोजणी तर चाललेली! वॉशिंग्टनचे जुने जाणते वार्ताहर आर्थर सीअर्स हेनिंग यांनी अंदाज बांधला, आणि ठळक अक्षरांत छापले गेले की ड्युईंनी ट्रुमनना हरविले. सुमारे दीड लाख प्रती बाहेर पडल्या. सकाळी पाहावे तो ट्रुमन ३०३ आणि ड्युई १८९! दुसऱ्या दिवशी सेंट लुई स्थानकात आगगाडीच्या मागील सज्जात उभे राहून ट्रुमनसाहेबांनी तो अंक दोन्ही हातांनी उंच धरला. त्यांचे ते हसू असलेले छायाचित्र आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल.

आता मथळाच प्रमाण धरू. २० जानेवारी १९४९ रोजी ड्युईसाहेब शपथ घ्यावयास येतात. सरन्यायाधीश पुरावा मागतात. ड्युई वर्तमानपत्र पुढे करतात. ट्रुमन मतांचे आकडे दाखवू लागतात, तोच ड्युईंचे वकील ते प्रसिद्ध छायाचित्र काढतात : "महाराज, माझ्या अशिलाच्या विजयाची जाहिरात प्रतिपक्षाने स्वहस्ते, हसतमुखाने केली आहे. याहून स्पष्ट कबुलीजबाब कोणता?" निकाल झाला. उरला प्रश्न बिऱ्हाडाचा. आणि येथे दैव ड्युईंच्या बाजूचे, कारण व्हाइट हाउस त्या वेळी खरोखरच रिकामे होते! वास्तू इतकी जीर्ण झाली होती की त्याच वर्षी ट्रुमनकन्येच्या पियानोचा पाय जमिनीत रुतला होता. नोव्हेंबरातच कुटुंब समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये राहावयास गेले आणि दुरुस्ती १९५२ पर्यंत चालली. आतील सारे काढून केवळ बाहेरच्या भिंती उभ्या ठेवल्या होत्या. म्हणजे रस्त्याच्या अलीकडे मतांचा अध्यक्ष, पलीकडे मथळ्याचा अध्यक्ष. एकाजवळ राज्य, दुसऱ्याजवळ पत्ता. ड्युईसाहेब पराती नि गवंडी यांच्या गर्दीत, डोक्यावर छत्री धरून विधेयकांवर सह्या करीत आहेत, आणि टपालवाल्याला कोणाचे पत्र कोणास द्यावे हे कळेनासे झाले आहे! आपल्याकडे दोन भावांच्या वाटणीत असे वाडे आपण पाहिले आहेत. त्यामुळे आपणांस याचे फारसे नवल वाटू नये.

दुसरा मथळा ८ जुलै १९४७ चा, न्यू मेक्सिकोतील रॉसवेलचा. तेथील विमानतळाच्या लष्करी अधिकाऱ्यांनीच कळविले की एका कुरणावर उडती तबकडी आमच्या हाती लागली आहे. स्थानिक पत्राने ती बातमी पहिल्या पानावर घेतली. दुसऱ्याच दिवशी खुलासा आला की तो हवामानाचा फुगा होता. सापडले होते काय? रबराच्या पट्ट्या, वर्खासारखा चकचकीत कागद आणि काड्या. सोव्हिएत अणुस्फोटांचा सुगावा घेण्यासाठी सोडलेल्या गुप्त फुग्यांचे ते अवशेष असावेत, असे अमेरिकन हवाई दलाने १९९४ साली जाहीर केले. तबकडी खरी असती, तर तिच्यातील पाहुण्यांना प्रथम पारपत्र विचारले गेले असते, मग जकात मागितली गेली असती, आणि कुरणाच्या मालकाने गवताच्या नुकसानीचा दावा लावला असता. आलेली मंडळी आल्या पावली परतली असती, यात मला शंका नाही. ज्या गुराख्याला तो कचरा सापडला, त्याला मात्र प्रसिद्धीचा एवढा वीट आला की यापुढे बॉम्बखेरीज काहीही सापडले तरी आपण तोंड उघडणार नाही, असे त्याने बातमीदारांना सांगून टाकले. साऱ्या प्रकरणात शहाणा तो एकटाच.

तिसऱ्याविषयी थोडक्यात. १६ सप्टेंबर १९५४ रोजी अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस म्हणाले की आपल्या मुलांच्या घरी वीज इतकी स्वस्त असेल की ती मोजण्याचेही कारण पडणार नाही. वर्तमानपत्रांना आणखी काय हवे! हे खरे झाले असते, तर "खोलीत कोणी नाही, दिवा मालव," हे वाक्य भाषेतून लुप्त झाले असते, आणि वडीलधाऱ्यांना मुलांशी बोलावयास विषय उरला नसता. आपल्या तारापूरची अणुवीजही १९६९ पासून वाहू लागली. मीटर मात्र अजून फिरतोच आहे.

आता ते राहिलेले कारण. गतवर्षीच्या आपल्या स्मरणिकेत 'दिवंगत सभासदांस श्रद्धांजली' या सदरात अकराव्या क्रमांकावर माझे नाव छापले गेले. आजीव सभासदांच्या यादीतील एक ओळ शेजारच्या पानावर सरकली, एवढाच मुद्राराक्षसाचा विनोद. परिणाम मात्र कल्पनेतले नव्हते. सोलापूरचे मेहुणे रात्रीच्या गाडीने आले आणि दार मीच उघडले. सांत्वनाची सोळा पत्रे आली. सौभाग्यवतींनी ती जपून ठेविली आहेत. माझे अवगुण मोजताना मधूनमधून त्यांतील गुण त्या मोठ्याने वाचतात.

परंतु एक गोष्ट विनोदाची नाही. बडोद्याच्या एका बंधूंनी माझ्या स्मरणार्थ शिष्यवृत्तीसाठी रक्कम पाठविली आणि तीवरून आणखी अठरा जणांनी पाठविली. मी हयात आहे हे कार्यालयास कळण्यापूर्वीच त्या निधीतून आपल्या दोन मुलींची परिचारिका अभ्यासक्रमाची पहिल्या वर्षाची फी भरली गेली. एकीचे वडील नाहीत, दुसरीचे असून नसल्यासारखे. यंदाच्या स्मरणिकेत शुद्धिपत्र निघत आहे, आणि दात्यांनी मृताच्या नावे दिलेले पैसे परत करावे काय, असा प्रश्न खजिनदारांनी नियमानुसार उपस्थित केला आहे. त्यांची चूक नाही. दुसऱ्या वर्षाची फी या महिनाअखेर भरावयाची आहे.

माझे म्हणणे असे की शुद्धिपत्रात माझे प्राण खुशाल परत करावे, निधीला हात लावू नये. ज्यांना रक्कम परत हवी असेल त्यांनी पंक्तीपूर्वी खजिनदारांकडे नाव द्यावे. ती मी पदरची देईन. आणि निधीच्या नावामागील 'कै.' दोघींचे शिक्षण पुरे होईपर्यंत तसेच ठेवण्यास माझी हरकत नाही. सौभाग्यवतींची आहे, ते मी घरी पाहून घेईन.