डाव संपता संपता

(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संक्षेप)



‘बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाची परीक्षा’ हा विषय मी सुचवला, तेव्हा आपल्या कार्यवाहांचा चेहरा जरा पडला होता. घाबरू नका, इथं पट मांडून बसणार नाही. याच सभागृहात घडलेल्या एका प्रसंगापासून सुरुवात करतो. त्यात चूक माझीच होती.

पंचवीसेक वर्षांपूर्वी गणेशोत्सवातल्या बुद्धिबळ स्पर्धेचा मी पंच होतो. उपांत्य फेरीतला एक डाव लांबला आणि आरतीची वेळ झाली. अशा वेळी डाव थांबवून पंचांनी निकाल द्यायचा, असा तेव्हा आपला नियम होता. पांढऱ्याकडे राजा, एक उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतलं एक प्यादं. काळ्याकडे नुसता राजा, तोही त्या प्याद्याच्या वाटेवर कोपऱ्यात जाऊन बसलेला. काळ्याकडून खेळणारा बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, “काका, ही बरोबरी आहे.”

मी घरच्या संगणकावर नुकताच बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम घातला होता. घर जवळच. जाऊन स्थिती मांडली. प्रोग्रॅमनं सांगितलं, पांढरा चार गुणांनी पुढे. परत येऊन मी पांढऱ्याला विजयी ठरवलं. मुलगा काही बोलला नाही. प्रसाद न घेताच घरी गेला.

रात्री झोप लागेना. उठलो आणि त्याच प्रोग्रॅमला म्हटलं, आता जिंकून दाखव. पांढरा त्याच्याकडे, काळा माझ्याकडे. उंट पटभर फिरत राहिला आणि माझा राजा कोपऱ्यातल्या दोन-तीन घरांतच ये-जा करत राहिला. पन्नास चालींत प्यादं हललं नाही, काही मारलं गेलं नाही, म्हणजे नियमानं बरोबरी.

कारण सोपं आहे. कडेचं प्यादं ज्या घरात पोचून वजीर होणार, त्या घराचा रंग एक आणि उंटाचा रंग दुसरा. तो उंट त्या कोपऱ्यावर जोर आणूच शकत नाही. पांढऱ्यानं फार रेटलं, तर काळ्याला शह नसतो आणि खेळायला चालही उरत नाही. तीही बरोबरीच. प्रोग्रॅम मात्र उंटाचे तीन आणि प्याद्याचा एक मिळवून चार सांगत होता. बेरीज बरोबर होती, उत्तर चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर सर्वांसमोर चूक कबूल केली आणि दोघांना नव्यानं डाव खेळायला बसवलं. मुलगा तो डाव हरला. पण त्या दिवशी प्रसाद घेऊन गेला.

तेव्हापासून मला छंदच लागला. नवा प्रोग्रॅम हाती आला की आधी त्याची परीक्षा घ्यायची, तीही डावाच्या शेवटाची. पटावर गर्दी असताना चूक झाकली जाते. चार मोहरे उरले की एकच चाल बरोबर असते आणि लपायला जागा नसते.

पहिला प्रश्न रिचर्ड रेटी यांच्या १९२१ सालच्या प्रसिद्ध रचनेचा. पांढरा राजा एच ८ वर, प्यादं सी ६ वर. काळा राजा ए ६ वर, प्यादं एच ५ वर. चाल पांढऱ्याची. काळं प्यादं पुढं सुटलेलं, पांढरा राजा त्याच्या मागं. सरळ धावून ते सापडत नाही. पण राजा तिरपा चालला, जी ७, मग एफ ६, तर प्रत्येक पावलानं तो काळ्या प्याद्याच्याही जवळ जातो आणि स्वतःच्या प्याद्याच्याही. काळा एकाला आवरायला गेला की दुसरं साधतं आणि डाव बरोबरीत सुटतो. पहिल्यांदा पाहणारा माणूस इथं हमखास अडखळतो. यंत्राला मात्र मोजके मोहरे आणि मोजक्या चाली, ते सगळ्या वाटा पाहून येतं.

दुसरा प्रश्न उलटा. शास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांच्या नावाच्या संस्थेनं २०१७ मध्ये एक स्थिती जाहीर केली. काळ्याकडे वजीर, दोन हत्ती आणि काळ्या घरांवरचे तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. पण काळ्याचा वजीर आणि हत्ती प्याद्यांच्या भिंतीमागं कोंडलेले. पांढऱ्यानं ती भिंत फोडली नाही आणि राजा पांढऱ्या घरांवरच फिरवला, तर तीन उंट त्याचं काय करणार? आपल्या हे ध्यानात येतं. त्या वेळचे प्रोग्रॅम मात्र काळा प्रचंड पुढे असल्याचं सांगत होते.

म्हणून यंत्र मूर्ख समजायचं का? तसंही नाही. दोन उंट विरुद्ध एक घोडा या शेवटात बचाव करणाऱ्याला टिकून राहता येतं, असं १८५१ पासून ग्रंथांत मानलं जात होतं. १९८३ मध्ये केन थॉम्पसन यांनी संगणकावर सगळ्या स्थिती तपासल्या आणि उंटवाल्याची सरशी होते हे दाखवून दिलं. पुढं २०१२ मध्ये मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या शेवटांची कोष्टकं तयार झाली. मातेपासून मागं मागं येत ती बांधली जातात. त्यांत एका स्थितीत मात व्हायला ५४९ चाली लागतात! इथं माणसानं गप्प बसून शिकावं.

घरी परीक्षा घ्यायची असेल, तर माझ्या अनुभवाच्या तीन गोष्टी सांगतो. एक, ही तयार कोष्टकं जोडलेली असतील तर ती काढा. गाईड उघडं ठेवून पेपर घेतला तर विद्यार्थ्याला किती येतं ते कळत नाही. दोन, पहिल्या चालीवर गुण देऊ नका, डाव शेवटपर्यंत खेळवा. तीन, प्रत्येक प्रश्नाला एक जुळा प्रश्न ठेवा. आपल्या त्या कोपऱ्यातल्या डावात उंट दुसऱ्या रंगाचा केला, की तोच डाव पांढरा जिंकतो. ज्यानं ‘उंट आणि कडेचं प्यादं म्हणजे बरोबरी’ असं घोकलं, तो इथं सापडतो. ही युक्ती मुलांच्या परीक्षेलाही चालते.

आज खिशातल्या फोनवरचा चांगला प्रोग्रॅम तो जुना डाव क्षणात बरोबर सांगतो. आता काळजी वेगळीच वाटते. मुलं पटाकडे पाहत नाहीत, पटाशेजारच्या आकड्याकडे पाहतात. त्या संध्याकाळी मीही तेच केलं होतं. समोर उत्तर माहीत असलेला मुलगा उभा होता आणि मी घरी आकडा पाहायला धावलो. त्याला फक्त “का रे बाबा?” एवढं विचारलं असतं, तर त्यानं दोन वाक्यांत समजावलं असतं.

यंत्र जरूर वापरा, त्याची परीक्षाही घ्या. पण घरातलं पोर तुमच्या आकड्याच्या विरुद्ध काही म्हणालं, तर आधी त्याला कारण विचारा. बुद्धीच्या देवतेसमोर बसून एवढं तरी आपण करू या.

गणपती बाप्पा मोरया!