उघडता येतील असे सांधे



पदवी घेऊन आजपासून तुम्ही लोकांच्या घरांसाठी दारं, जिने, पलंग, देवघरं, पुस्तकांची कपाटं घडवाल. कुणी एखाद्या सभागृहाचं लाकडी छत करेल, कुणी जुन्या देवळाचा सभामंडप दुरुस्त करेल. ही कामं एका जागेच्या मापाची आणि एका घराच्या गरजेची असतात. त्यांच्याबद्दल मला तुम्हाला एकच गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. तुम्ही जोडलेली वस्तू तुमच्या मागून येणाऱ्या सुताराला उघडता आली पाहिजे.

पुण्याचा विश्रामबागवाडा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. दुसऱ्या बाजीरावानं तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला आणि १८२१ साली त्यात संस्कृत पाठशाळा भरू लागली. तिथं गेलं की नजर आधी जाते ती सुरूच्या घाटाच्या लाकडी खांबांकडे आणि त्यांच्यावरच्या कोरीव कामाकडे. ते बघावंच, पण सुतारानं वाड्यात गेल्यावर खांबाच्या पायाशीही बसावं. वाड्यातला खांब मातीत पुरलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो. त्यामुळे जमिनीची ओल थेट लाकडात चढत नाही आणि वाळवी आली तरी वेळेवर दिसते. खांबावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. वाडा खणात, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात, मोजतात आणि खणाची रुंदी ठरते ती मिळालेल्या लाकडाच्या लांबीवरून. एखादी कडी कुजली तर वरचे पाट उचलायचे आणि तेवढीच बदलायची. बाकीचं घर नांदतं राहतं.

असे वाडे आज पाडले जातात तेव्हा जीव तुटतो. तरीही त्यांचे खांब, चौकटी आणि दारं जुन्या लाकडाच्या बाजारात येतात, मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात विकली जातात आणि पुन्हा कुणाच्या तरी घरात उभी राहतात. हे शक्य होतं ते सांध्यामुळे. कुसू खाचेत बसवून आरपार लाकडी खुंटी मारलेली असते. खुंटी उलट्या बाजूनं ठोकून काढली की चौकट सुटी होते आणि लाकूड दुखावत नाही. आज आपण भुशाच्या दाबलेल्या पाट्यांना सरस आणि स्क्रूनं जखडतो. घर बदलताना ते कपाट एकदा सोडवलं की दुसऱ्यांदा स्क्रू त्याच भोकात धरत नाही.

प्लायवूडला मी नावं ठेवत नाही. त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं फुगत-आकसत नाही. स्वयंपाकघरात सिंकखाली त्याचा योग्य दर्जा वापरा आणि कडा नीट बंद करा. भरीव लाकडाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते कापल्यावरही हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. ओलं सागवान पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेनं साधारण ६ टक्के आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के. हा फरक आहे म्हणूनच फळी वाकते. घरात बसवल्यावरही फूटभर रुंदीची फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना दोन-तीन मिलिमीटर रुंदावू शकते. आपल्या जुन्या मिस्त्रींना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून दाराच्या चौकटीत मधला दिल्हा ते खोबणीत मोकळा ठेवत. त्याला सरस लावत नसत, त्याच्या चारी बाजूंना हलायला जागा सोडत. आषाढात असं दार अडत नाही आणि वैशाखात दिल्ह्याला चीर पडत नाही. ओलावामापक आता हातात मावतो. लाकूड कितीही चांगलं दिसलं तरी त्याचा आकडा पाहिल्याशिवाय रंधा लावू नका. एसी चालणाऱ्या घरासाठी आणि कोकणातल्या उघड्या पडवीसाठी तो आकडा एकच धरू नका.

आता जरा दूर, चंदीगडला जाऊ. १९५० च्या दशकात तिथल्या कचेऱ्या, महाविद्यालयं आणि न्यायालयांसाठी वास्तुरचनाकार पिएर जान्नरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. स्थानिक कारखान्यांत त्या हातानं घडल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या, परदेशी लिलावांत पोचल्या आणि तिथं लाखोंच्या किमतींना विकल्या गेल्या. वेत फाटला तर नवा विणता येतो, म्हणून त्या इतकी वर्षं टिकल्या. अनेक खुर्च्यांवर खात्यांची अक्षरं आणि आकडे रंगवलेले आहेत. आखणाऱ्याचं नाव जगाला माहीत आहे, पण सांधे बसवणाऱ्या सुतारांची नावं त्या खुर्च्यांवर नाहीत. मला हे फार खुपतं.

कारण हीच रीत आपल्याकडे रोज चालू आहे. मुंबई-पुण्यात कोऱ्या फ्लॅटमध्ये महिनोन्‌महिने काम चालतं. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कारागीर तिथंच करवत चालवतात, तिथंच जेवतात आणि तिथंच झोपतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींमध्ये नोंदवली आहे. उद्या काम तुमच्या हुकमाखाली असेल. धूळ ओढणारं यंत्र, चांगले मास्क आणि झोपायला वेगळी खोली यांचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या पानावर धरा. मालक तो कापायला सांगेल, तेव्हा कोरीव काम कमी करा, हा खर्च कापू नका.

आणि काम सोपवताना घरमालकाला एक कागद द्या. लाकूड कोणतं, कुठून आणलं, लावताना ओलावा किती होता, पॉलिश कसलं, कोणता सांधा कोणत्या बाजूनं सुटतो, हे सगळं त्यावर असू द्या. त्याची एक प्रत कपाटातल्या खणाच्या तळाला आतून चिकटवा. सुतारांची नावं त्यावर लिहाल तेव्हा त्यांना विचारून लिहा, गावासकट पूर्ण लिहा आणि तुमच्या नावाच्या वर लिहा.